टॉप लोड मशीन तुमचे कपडे किती झिजवतं? लेबलवर नसलेल्या आकड्याचा शोध

सणाच्या सेलमध्ये घेतलेली वॉशिंग मशीन्स एव्हाना घरोघरी लागली असतील. यंदा सेलला जोर जरा जास्तच होता. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि फोन उघडला की एकच धोशा: कर कमी झालाय, आत्ताच घ्या. त्या पोस्टरवर एसी असायचा, मोठा टीव्ही असायचा आणि कोपऱ्यात हळूच एक वॉशिंग मशीनही उभं असायचं. एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही खरोखरच २८ टक्क्यांवरून १८ वर आले. वॉशिंग मशीन मात्र जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहे. त्याच्यावरचा कर या वेळी एका पैशाने हलला नाही. म्हणजे त्या कोपऱ्यातल्या मशीनवर सूट मिळाली असेल तर ती दुकानदाराने किंवा कंपनीने दिली, सरकारने नाही.

पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, एलजीची भारतीय कंपनी शेअर बाजारात आली. ११,६०७ कोटींचा इश्यू. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला त्यांचा कारखाना आहे, त्यामुळे इकडे चर्चा जरा जास्त झाली. शेअर मिळाला का, मशीनवर किती सूट मिळाली, एआय आहे का, किती किलोचं, किती स्टारचं, सगळं विचारून झालं. एक प्रश्न मात्र कुणी विचारताना दिसलं नाही. या मशीनमध्ये माझा टी-शर्ट किती दिवस टिकेल?

मी राहतो महाळुंग्यात. चाकणजवळचं एमआयडीसीवालं महाळुंगे वेगळं. हे मुळशी तालुक्यातलं, बालेवाडी स्टेडियमला लागून असलेलं, मुळा नदीच्या काठचं. नदीपलीकडे हिंजवडी-वाकड, त्यामुळे इथे निम्मे लोक माझ्यासारखे आयटीवाले आणि त्यातले बरेच भाड्याने राहणारे. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली त्यात महाळुंगेही होतं. पालिका आली, टॉवर त्याआधीच आले होते, पाणी अजून बऱ्याच सोसायट्यांमध्ये टँकरने येतं. वॉशिंग मशीनच्या लेखात मी टँकर का आणतोय, असं वाटेल. पण कपडे झिजण्याचा आणि टँकरचा संबंध मोटर आणि स्टारपेक्षा जवळचा आहे. तिथे येतोच. आधी मशीनच्या आत बघू.

खांब आणि ताटली

टॉप लोड म्हणजे वरून कपडे टाकायचं मशीन, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण टॉप लोडमध्येही दोन घराणी आहेत आणि इंटरनेटवरचे निम्मे गैरसमज ही दोन एकच समजल्यामुळे होतात.

पहिलं घराणं अमेरिकन. टबच्या मधोमध एक उभा, पंख असलेला खांब. त्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात. १९२२ मध्ये मेटॅग कंपनीने 'गायराफोम' नावाचं मशीन काढलं, तिथून हा खांब अमेरिकेच्या घराघरात गेला. तो डावी-उजवीकडे झटके देत कपड्यांना ढकलतो. टब पाण्याने काठोकाठ भरलेला असावा लागतो, आणि लांब बाही किंवा चादर खांबाला गुंडाळली की ओढाताण होते.

दुसरं घराणं आपल्या ओळखीचं. टबच्या तळाशी एक चपटी, उंचवटे असलेली ताटली. हा पल्सेटर. जपानमध्ये सान्योने १९५३ साली असं पल्सेटरचं मशीन बाजारात आणलं. तेव्हा तो टबच्या बाजूच्या भिंतीला होता, पुढे तळाशी आला. आपल्याकडे हेच घराणं रुजलं. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने ऐंशीच्या दशकात टीव्हीवरून ज्या जाहिरातींचा मारा केला (आईबाबांना विचारा, जिंगल अजून पाठ असते), त्या काळापासून मराठी घरात 'मशीन' म्हणजे दोन टबचं सेमी ऑटोमॅटिक आणि त्याच्या तळाशी फिरणारी ताटली. आज आपण घेतो त्या फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोडमध्येही बहुतेक तीच ताटली आहे, फक्त अंगात चिप आली.

फरक काय पडतो? पल्सेटर स्वतः कपडे फारसे घासत नाही. तो पाण्यात भोवरा तयार करतो, आणि पाणी कपड्यांना फिरवतं. तळाचा कपडा कडेने वर यावा, वरचा मधून खाली जावा, अशी ती फिरती असते. पाणी पुरेसं असेल तर कपडा बहुतेक वेळ पाण्याला घासतो. पाणी कमी पडलं की तोच कपडा ताटलीवर बसतो, शेजारच्या जीन्सला घासतो, आणि वरचा गठ्ठा वरच राहतो. तेच मशीन, तोच प्रोग्रॅम, तीच मोटर. झीज मात्र वेगळी.

फ्रंट लोडचं तत्त्व तिसरंच आहे. आडवा ड्रम फिरतो, कपडे वर उचलले जातात आणि खाली पाण्यात पडतात. नदीच्या दगडावर आपटून धुण्याचं हे जरा सौम्य रूप म्हणा. यात एक छान गणित आहे: ड्रमची त्रिज्या २४ सेंटीमीटर धरली तर मिनिटाला साधारण ६१ फेऱ्यांना कपडे ड्रमला चिकटून फिरायला लागतात, खाली पडतच नाहीत. म्हणून धुताना ड्रम त्याहून हळू फिरावा लागतो.

चार वाटेकरी

१९५९ मध्ये जर्मनीतल्या हेंकेल कंपनीच्या हर्बर्ट सिनर या रसायनतज्ज्ञाने धुलाईचं एक साधं वर्तुळ मांडलं. कपडा स्वच्छ होतो तो चार गोष्टींमुळे: रसायन (साबण), तापमान, वेळ आणि यांत्रिक जोर. एकाचा वाटा कमी केलात की उरलेल्या तिघांनी तो भरून काढायचा. प्रोग्रॅमिंगमध्ये आपण मेमरी वाचवली की प्रोसेसरवर ताण येतो, तसंच.

आता आपलं नेहमीचं टॉप लोड या वर्तुळात ठेवा. बहुतेकांमध्ये हीटर नसतो आणि असला तरी बिलाच्या धाकाने कुणी लावत नाही, म्हणजे तापमान गेलं. प्रोग्रॅम पाऊण-एक तासाचा, फ्रंट लोडच्या दीड-दोन तासांपेक्षा कमी, म्हणजे वेळही गेली. उरलं काय? साबण आणि जोर. टॉप लोडची ही रचनाच अशी आहे की घासण्याचा वाटा मोठा राहणार. यात कंपनीची लबाडी काही नाही. आपल्याला थंड पाण्यात, तासाभरात, कमी पैशांत स्वच्छ कपडे हवे असतात आणि इंजिनिअरने ते दिले आहेत. किंमत कापड मोजतं.

म्हणून फ्रंट लोड नेहमीच सौम्य, असंही डोळे मिटून म्हणू नका. ६० अंशांवर दोन तास फिरवलेल्या जिमच्या टी-शर्टमधलं स्पँडेक्स उष्णतेनेच ढिलं पडतं. कोणत्या कापडावर काय बेततं हेही वेगळं. सुती कापड ओलं झालं की उलट थोडं मजबूत होतं. व्हिस्कोस म्हणजे रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. आजकालचे मऊ, झुळझुळीत कुर्ते आणि शर्ट घ्या. आतल्या लेबलवर 'व्हिस्कोस' लिहिलेलं असेल तर जीन्सबरोबर टाकू नका. ओलं रेयॉन आणि ओली डेनिम एका टबात म्हणजे हरभऱ्याबरोबर किडे रगडण्यासारखं आहे, फक्त इथे किड्यांचा काही दोष नसतो.

पाण्याची पातळी आणि टँकरचं गणित

आता महाळुंगे. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात मशीनची पाण्याची पातळी हाताने कमी केलेली असते. सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळ्यात सूचनाच येतात, पाणी जपून वापरा, वॉशिंग मशीन कमी पातळीवर लावा. हेतू चांगलाच. पण टॉप लोडमध्ये पाणी म्हणजे वंगण आहे. कपडे तेवढेच ठेवून पाणी कमी केलं की जोर पाण्याऐवजी कापडावर जातो.

जरा पैशांत मांडून बघू. टँकर १०,००० लिटरचा असतो. एका टँकरला समजा १,५०० रुपये पडले, तर १०० लिटरच्या धुण्याला १५ रुपयांचं पाणी लागलं. पातळी कमी करून ३० लिटर वाचवले तर साडेचार रुपये वाचले. वीज? हीटर न लावता टॉप लोडच्या एका धुण्याला साधारण पाव युनिटच्या आत वीज लागते, म्हणजे दोन-तीन रुपये. आता टबातले कपडे मोजा. १२ कपडे, सरासरी ८०० रुपयांचे, म्हणजे ९,६०० रुपयांचा माल आत फिरतोय. हे कपडे ६० धुणी टिकले तर प्रत्येक धुण्याला १६० रुपयांचं कापड खर्च होतं. ५० धुणीच टिकले तर १९२. फरक ३२ रुपयांचा. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या घरचे घालून बघा. पण कसेही घातले तरी चित्र फारसं बदलत नाही: लेबलवर ज्या विजेचे स्टार आहेत ती सगळ्यात स्वस्त, ज्या पाण्यावरून भांडणं होतात ते मधलं, आणि ज्याचा कुठे उल्लेखच नाही ते कापड सगळ्यात महाग.

मग पाणी उधळायचं का? अजिबात नाही. टँकरचं पाणी कुठल्या तरी विहिरीतून, बोअरमधून उपसलेलं असतं आणि ते काही साडेचार रुपयांत भरून निघत नाही. माझं म्हणणं एवढंच की पाणी पातळीत वाचवू नका, धुण्यांच्या संख्येत वाचवा. दोन अर्धवट धुण्यांचं एक नीट भरलेलं धुणं करा. जीन्स एकदा घातली की लगेच टबात, ही सवय सोडा. एक अख्खं धुणं टाळलं की १०० लिटर वाचतात आणि कापडाची झीज शून्य.

'नीट भरलेलं' म्हणजे किती? ७ किलोचं मशीन म्हणजे ७ किलो कोरडे सुती कपडे, तेही नॉर्मल किंवा कॉटन प्रोग्रॅमला. सिंथेटिक आणि डेलिकेटची मर्यादा निम्म्याहून कमी असू शकते. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, कुणी उघडत नाही. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा घरात असेल तर एकदा कपड्यांची पिशवी त्याला लटकवून बघा. एक जीन्सच साधारण ६००-७०० ग्रॅमची निघते.

इथे ऑटोमॅटिक पातळीची एक गंमत समजून घेण्यासारखी आहे. मशीन पाणी घेण्याआधी कोरडे कपडे एक-दोनदा हलवतं ना? तेव्हा ते मोटरवर किती भार येतो ते मोजत असतं. त्यावरून वजनाचा अंदाज आणि वजनावरून पाणी. (पाणी किती भरलं हे कळायला टबाच्या तळातून एक बारीक नळी वर गेलेली असते. पाणी चढलं की तिच्यात अडकलेली हवा दाबली जाते आणि सेन्सर तो दाब वाचतो. इतकी साधी युक्ती.) म्हणजे मशीनला वजन कळतं, आकार कळत नाही. फ्लीसचं जॅकेट, पॉलिएस्टरचं पांघरूण, जिमचे कपडे हे वजनाला हलके आणि जागा खाणारे. मशीन म्हणतं, थोडेच कपडे आहेत, आणि कमी पाणी घेतं. मग तो फुगलेला गठ्ठा ताटलीवर रगडला जातो. अशा कपड्यांना पातळी हाताने एक पायरी वाढवा. उलट बादलीत भिजवलेले कपडे टाकले तर मशीनला ते जड वाटतात आणि पाणी गरजेपेक्षा जास्त येतं. आधी भिजवायचंच असेल तर मशीनचाच सोक प्रोग्रॅम वापरा.

जड पाणी

पाण्याचं प्रमाण झालं, आता पाण्याची जात. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. टँकरचं पाणी आज एका ठिकाणचं, उद्या दुसरीकडचं. आज साबणाला फेस, उद्या नाही.

जड पाण्यात साबणाचा काही भाग क्षारांशीच झुंजण्यात संपतो, हे शाळेत शिकलोय. पण झिजेच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढची. स्वस्त पावडरींमध्ये धुण्याचा सोडा भरपूर असतो. सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम भेटले की कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे सोप्या भाषेत खडू, आणि तो धाग्यांच्या आत जाऊन बसतो. काळ्या टी-शर्टवर येणारी पांढुरकी झाक, टॉवेलचा पापडासारखा कडकपणा, हे पुष्कळदा त्याचंच काम. असा कपडा पुढच्या धुण्यात शेजारच्याला पॉलिश पेपरसारखा घासतो. मग लोक म्हणतात मशीनने कपडे खाल्ले.

तुमचं पाणी जड आहे का हे बघायला टीडीएस मीटर पुरेसा नाही. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. त्यात मिठाचं सोडियमही येतं, ज्याचा काठिण्याशी संबंध नाही. त्यापेक्षा एका बाटलीत नळाचं आणि दुसरीत आरओचं पाणी अर्धं-अर्धं भरा, दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा किस टाका आणि हलवा. नळाच्या बाटलीत फेस न येता पाणी दुधाळ झालं तर जड आहे. डिटर्जंट किंवा शाम्पूने ही चाचणी होत नाही, ते जड पाण्यातही फेस देतात. पाणी जड निघालं तर लिक्विड डिटर्जंट घ्या आणि एक जादा रिन्स लावा. हो, पुन्हा पाणी आलंच. पण गच्च खडू धरलेला टॉवेल टाकून नवा घेण्यापेक्षा ते परवडतं.

वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांसाठी एक जोड. पाण्याच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार दाब मिळतो. अनेक टॉप लोडना निदान ०.३ बार लागतो, म्हणजे टाकी नळाच्या ३ मीटर तरी वर हवी. शेवटच्या मजल्यावर तेवढी उंची नसली की मशीन पाणी भरण्यातच अडकतं आणि एरर देतं. मेकॅनिक बोलवण्याआधी नळ उघडून बादली किती वेळात भरते ते बघा. गावाकडे सेमी ऑटोमॅटिक अजून का टिकून आहे याचं एक उत्तर हेच: त्याला दाब लागत नाही, बादलीने पाणी ओता की झालं. आणि पातळी किती हे ठरवणारा सेन्सर म्हणजे आजीचा डोळा.

फोन काढा

मशीन विकत घेताना दिसणारे आकडे तीन: किलो, स्टार आणि आरपीएम. बीईईच्या स्टार लेबलवर वीज आणि पाणी यांचा हिशोब असतो, कापडाच्या झिजेचा नसतो. ही झीज मोजता येत नाही असंही नाही. गोल भोकं पाडलेला एक सुती चाचणी-तुकडा मिळतो. तो कपड्यांबरोबर धुवायचा आणि शेवटी भोकांच्या कडेला किती धागे सुटले ते मोजायचे. जास्त धागे म्हणजे जास्त जोर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वॉशिंग मशीन मानकात धुण्याच्या तीव्रतेची चाचणी आहे. तंत्र जुनं आहे, स्वस्त आहे. आपल्या लेबलवर एक ओळ वाढवायला अडचण ती काय, हे मला कळत नाही. तोवर 'एआय फॅब्रिक केअर' हा शब्द न मोजता विकता येतो.

एआयबद्दल थोडंच. १९९० मध्ये जपानच्या मात्सुशिताने 'फझी' वॉशिंग मशीन काढलं, तेव्हाही सेन्सर वाचून वेळ आणि जोर ठरवणं हेच चाललं होतं. आजचे सेन्सर बरे आहेत, मोटर चांगल्या आहेत, काही मशीन कापडाचा मऊपणा मोटरच्या विजेच्या चढउतारावरून ओळखतात. हे काम खरं आहे, पण ताटली तीच आणि पाणी तेच. 'इतके टक्के कमी झीज' असं वाचलं की फुली शोधा आणि खालची बारीक अक्षरं वाचा: कशाच्या तुलनेत, किती कपड्यांवर, कोणत्या प्रोग्रॅमला. बहुधा तुलना त्याच कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅमशी असते.

तुम्ही स्वतः दोन गोष्टी मोजू शकता. पहिली: काचेचं झाकण असेल तर वर एक भडक रंगाचा रुमाल ठेवा, झाकण लावा आणि फोनवर टाइमलॅप्स सुरू करा. रुमाल खाली जाऊन परत वर येतोय का बघा. पाच-सात मिनिटं तो वरच बसून राहिला तर कपडे फिरतच नाहीयेत. एकतर भार जास्त आहे, नाहीतर पाणी कमी.

दुसरी जरा इंजिनिअरी. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे फुकट अ‍ॅप घ्या, त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम निवडा, आणि स्पिन सुरू व्हायच्या आधी फोन मशीनच्या कडेवर टेपने पक्का चिकटवा. नुसता ठेवू नका, पडेल. स्पिनमध्ये आलेखावर एक सुळका दिसेल. तो जितक्या हर्ट्झवर असेल त्याला ६० ने गुणा, तेवढे तुमचे खरे आरपीएम. ७०० आरपीएमला सुळका ११.७ हर्ट्झच्या आसपास हवा. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील तर मशीन वेग गाठतच नाही. थांबतं, पुन्हा पाणी घेतं, कपडे पसरवतं, पुन्हा प्रयत्न करतं. हे तुमच्याकडे रोज होत असेल तर पाणीही जातंय आणि न मागितलेली जादा घासणीही होतेय. एकटं पांघरूण किंवा एकटी जीन्स टाकणं हे त्याचं नेहमीचं कारण.

आरपीएम जास्त म्हणजे कपड्यांवर अत्याचार, हा समज मात्र सोडा. २४ सेंटीमीटर त्रिज्येच्या ड्रममध्ये ७०० आरपीएमला कपड्यांवर गुरुत्वाच्या साधारण १३० पट जोर येतो, १२०० ला साधारण ३८५ पट. ऐकायला भयंकर आहे. पण त्या वेळी कपडे ड्रमच्या भिंतीला दाबून बसलेले असतात, एकमेकांना घासत नाहीत. सुरकुत्या पडतात, हुक आणि चेन रुतू शकतात, पण नेहमीच्या सुती-पॉलिएस्टर कपड्यांची मोठी झीज होते ती धुताना. आणि पावसाळ्यात बंद बाल्कनीत तीन दिवस कुबट वास मारणारे कपडे पुन्हा धुवावे लागण्यापेक्षा एक जोरदार स्पिन बरा.

धागे जातात कुठे

पल्सेटरच्या मशीनमध्ये जाळीची छोटी पिशवी असते. तिच्यात जमणारा राखाडी लगदा म्हणजे तुमचेच कपडे. ती फाटली असेल तर बदला. पण पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म तंतू तिच्यातूनही निसटतात आणि सांडपाण्याबरोबर पुढे जातात. आपल्याकडून पुढे म्हणजे मुळेकडे.

यावर संशोधन बरंच झालंय आणि ते एका सुरात बोलत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठाने दाखवलं की ६ किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात सिंथेटिक जॅकेट टॉप लोडमध्ये धुतल्यावर फ्रंट लोडच्या साधारण सात पट तंतू मिळाले. हा सात पटीचा आकडा इन्स्टावर खूप फिरतो. तो तसाच आपल्या ताटलीवाल्या मशीनला लावू नका. अमेरिकन टॉप लोडची परंपरा खांबाची आहे. २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाने तर उलटाच धक्का दिला: नाजूक कपड्यांच्या डेलिकेट प्रोग्रॅममध्ये नेहमीपेक्षा जास्त तंतू सुटतात, कारण त्यात कपड्यांच्या मानाने पाणी खूप असतं आणि ते धाग्यांमधून जोरात खेळतं.

म्हणजे मी वर सांगितलं त्याच्या विरुद्ध? पूर्ण नाही. पाणी फार कमी, तर कापड कापडाला घासतं. भार अगदी थोडा आणि पाणी भरमसाट, तर पाणीच तंतू ओढून काढतं. चार टी-शर्टसाठी टब काठोकाठ भरणं हेही चूकच. कपडे सैल फिरतील इतका भार आणि त्याला साजेसं पाणी, आणि तो रुमाल नेमकं तेच दाखवतो.

फ्रान्सने २०२० च्या कायद्यात लिहिलं की १ जानेवारी २०२५ पासून नव्या वॉशिंग मशीनमध्ये सूक्ष्म तंतू अडवणारा फिल्टर हवा. कॅलिफोर्नियात असंच विधेयक आलं. २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. अमेरिकेत वाद उलट्या दिशेनेही चालू आहे. मशीनला पाणी कमी वापरायला लावणारे नियम कपडे नीट धुऊ देत नाहीत, अशी तक्रार तिथे जुनी आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने ऊर्जा खात्याला यावरून फटकारलं, आणि मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पाण्याचे असे नियम सैल करायला सांगितलं. मला ट्रम्प यांचा उपाय पटत नाही, पण प्रश्न खोटा नाही. पाणी कमी केलं की त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजावी लागते, आणि ती कुठे मोजली जातेय हे लेबलने सांगायला हवं. त्यांच्याकडे निदान कोर्टात भांडण झालं. आपल्याकडे तो निर्णय महाळुंग्यातल्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घेतो.

नवं मशीन घ्यायचंच असेल तर माझं मत सरळ आहे. भाड्याचं घर दर वर्षी बदलत असेल, बजेट कमी असेल, नळाला दाब कमी असेल तर पल्सेटरचं टॉप लोडच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण किलोमध्ये कंजुषी करू नका. दोघांच्या घरालाही ७ किलोचं घ्या, म्हणजे कपड्यांना फिरायला जागा राहते. पातळी हाताने बदलता येते का, हे दुकानातच बटणं दाबून बघा. काही मॉडेलमध्ये ती सोय नसते. साडी आणि ओढणी जाळीच्या पिशवीत, एका पिशवीत एकच. चेन लावलेल्या, हुक अडकवलेले, टी-शर्ट उलटे करून. आणि पहिल्या दिवशी डेमो द्यायला येणारा माणूस पाण्याची पातळी सगळ्यात कमीवर ठेवून गेला, तर तो गेल्यावर ती बदला.